बुडालेल्या कोल्हापुरातले काहीलकर

चार माणसं दर रविवारी एकाच खोलीत चार-पाच तास बसायला लागली की किस्से घडवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. जिन्याखाली रिकामे खोके साचतात तसे. कुणी मुद्दाम ठेवत नाही, पण एक दिवस दार उघडावं तर सगळे अंगावर! परवा स्टाफरूममध्ये एका बाईंनी सहज विचारलं, "नंदिनी, तू रविवारी नेमकी जातेस तरी कुठं?" मी म्हटलं, पाच मिनिटांत सांगते. मधली सुट्टी संपली, डबे धुऊन झाले, बेल झाली, तरी मी पहिल्याच किश्श्यावर होते.

तर आता निवांत सांगते.

मी शाळेत भूगोल शिकवते. आमच्यातला सम्या शिवाजी पेठेतला. पेठेच्या टीमचा गोलकीपर, आणि पोटासाठी टू-व्हीलरच्या शोरूममध्ये. बसू म्हणजे बसवराज, त्याचं शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान. घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड. आणि रेश्मा इचलकरंजीची, घरचे माग, ती कापडाची डिझाइनं करते. बसूच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही रोलप्लेइंग गेम खेळतो. म्हणजे काय, तर एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जिथं जमेल की नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. गोष्ट सांगणारी मी. म्हणून मला सगळे 'मास्तरीण' म्हणतात. शाळेतही तेच, इथंही तेच!

*

पहिल्या रविवारीच फाशांचा आवाज खाली गेला. बसूच्या आईला सगळे अव्वा म्हणतात. अव्वा जिना चढून दारात उभ्या राहिल्या, कमरेवर हात.

"बसू, जुगार खेळतोस व्हय रे? माझ्या घरात?"

"न्हाई अव्वा, गोष्ट हाय ही."

"गोष्टीला फासं कशाला लागत्यात? त्या पांडवांनी बी असंच म्हटलं आसंल!"

बसूनं घाबरून हातातला फासा त्यांच्यासमोर धरला. आमचा फासा वीस बाजूंचा असतो. अव्वांनी तो चष्म्याजवळ नेला, सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला आणि बसूच्या हातात परत ठेवला.

"वीस तोंडं! अरे, रावणाला बी धाच होती." जाता जाता म्हणाल्या, "चहा किती जणांचा टाकू?"

तेव्हापासून आम्हाला परवानगी आहे.

*

या वर्षी मी नवीन जग काढलं. जग बुडालंय. सगळीकडं पाणी. कोल्हापूर खाली, आणि पाण्याच्या वर फक्त पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर, दोन बेटांसारखे. हे भूगोलात बसत नाही हे मला माहीत आहे, पण गेममध्ये बसतं. या पाण्यावर बोटीत राहणारी एक टोळी हवी होती. ती टोळी आपण चौघांनी मिळून घडवायची, असं ठरलं. ती कशी राहते, काय खाते, कशाला भिते, सगळं.

पहिल्या दिवशी आम्ही जे काय केलं ते आठवलं की लाज वाटते. सम्यानं तीन मजली जहाज काढलं. त्यावर तोफा. कप्तानाला एक डोळा. बसूनं त्याला लाकडी पाय दिला. मीही उत्साहात खांद्यावर पोपट बसवला!

रेश्मा गप्प बसून बघत होती. मग म्हणाली, "हे जहाज आलं कुठनं?"

"म्हंजे?"

"म्हंजे जग बुडालं त्या दिवशी हे शाहूपुरीत कुठल्या दुकानात मिळत होतं?"

सम्यानं कप्तानाचा दुसरा डोळाही खोडला.

"मग काय वापरायचं?" मी विचारलं.

"आपल्याकडं पाणी आलं की लोकं कशात बसत्यात? काहिलीत!"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस उकळायची ती अवाढव्य पसरट गोल कढई. नदीकाठच्या गावांत पूर आला, नाव मिळाली नाही, तर माणसं काहील पाण्यात सोडतात आणि तिच्यात बसून पलीकडं जातात. आमच्या प्रत्येकाच्या नात्यात कुणी ना कुणी तसं गेलेलं आहे. आणि आम्ही बसलो होतो पोपट काढत!

सम्या उठला, टेबलावर थाप मारली आणि म्हणाला, "ठरलं की! टोळीचं नाव काहीलकर!"

त्या दिवशी आम्ही चौघं जिन्यावरून खाली उतरलो ते मॅच जिंकल्यासारखे.

*

पुढच्याच रविवारी भांडण. काहीलकर खातात काय?

"मासं," सम्या म्हणाला. "चारी बाजूला पाणी हाय. दुसरं काय खाणार?"

"मी न्हाई खाणार," बसू म्हणाला.

"तू न्हवं रे, तुझं कॅरेक्टर."

"माझं कॅरेक्टर बी न्हाई खाणार."

"अरे, जग बुडालंय बसू!"

"जग बुडालं म्हणून मासं खायाचं व्हय? उद्या जग पेटलं तर काय इस्तव खातोस?"

दोघांचे आवाज चढले. सम्या म्हणाला, तुझं कॅरेक्टर उपाशी मरंल. बसू म्हणाला, मरू दे, पण तुझ्या काहिलीत मरणार न्हाई. मी मध्ये पडायला गेले तर दोघांनी मलाच गप्प केलं. शेवटी अव्वा वर आल्या. हातात ताट, ताटात कडक भाकरी. पापडासारखी पातळ, कुरकुरीत. शेजारी शेंगाची चटणी.

"भांडू नगासा. ह्या भाकऱ्या दोन-दोन म्हैनं टिकत्यात," त्या म्हणाल्या. "तवर उतरंल की पाणी."

अख्खं जग बुडवायला मला तीन आठवडे लागले होते. अव्वांनी दोन महिन्यांत आटवलं!

*

भाकरी टोळीत आली, पण सम्या आणि बसू एकमेकांशी बोलेनात. पंधरा दिवस. एक जण आला की दुसरा मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचा. एवढ्याशा माशावरून चौघांचा रविवार मोडतो की काय, अशी मला खरंच भीती वाटायला लागली.

त्याच सुमारास रेश्मानं काहिलीला शीड लावायचं काढलं. तिच्या मामाचं गुऱ्हाळ आहे, शेजारी शेततळं आहे, आणि हंगाम नव्हता म्हणून काहील रिकामी होती. मामा एवढंच म्हणाले, "घेऊन जावा. पण गुऱ्हाळ लागायच्या आधी घासून द्या." रेश्मानं मागावरचं कोरं कापड आणलं होतं. बसूनं दुकानातून दोरी आणि कड्या. मध्ये बांबू उभा केला, कापड बांधलं, काहील तळ्यात सोडली, आणि सम्या आत जाऊन उभा राहिला, छाती काढून. फोटोसाठी!

वारा आला. कापड फुगलं. आणि काहील पुढं जायच्या ऐवजी जागच्या जागी फिरायला लागली. आधी हळू, मग भोवऱ्यासारखी.

"मास्तरीण!" सम्या ओरडला. "वारा कुठनं येतोय?"

"पश्चिमेकडून!"

"कुठली पश्चिम? मला चार दिसायल्यात!"

काठावर रेश्मानं वही उघडली आणि लिहिलं: शीड रद्द.

आता सम्याला बाहेर कसा काढायचा? मामा म्हणाले, एकट्यानं काहील चालत नाही. दोघं लागतात, समोरासमोर, दोन वल्ही, एका लयीत. नाहीतर ती फिरतच राहणार. रेश्माला पोहता येत नाही, मला तर नाहीच. उरला बसू. बसूनं माझ्याकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मामांनी दिलेली दोन वल्ही घेऊन पाण्यात शिरून काहिलीत चढला.

पहिली पाच मिनिटं काहील गरगर. मग एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मग सरळ! काठाला लागले तेव्हा दोघं बोलत होते. म्हणजे एकमेकांना शिव्याच देत होते, पण एका लयीत.

तो काहीलकरांचा पहिला कायदा झाला. टोळीत ज्या दोघांचं भांडण होईल, त्यांना एका काहिलीत बसवून पलीकडं पाठवायचं. परत आले तर मिटलं.

*

काहीलकरांची भाषा आम्ही मराठी-कन्नड मिसळून केली. पन्हाळ्याच्या बेटाशेजारी एक म्हातारी राहते, ती फक्त कन्नड बोलते, असं मी ठेवलं. तिचे संवाद बसू म्हणणार. सम्याला कन्नड येत नाही. तो शूर योद्धा होऊन तिच्या काहिलीपाशी आला.

म्हातारी हात पुढं करून म्हणाली, "बेकु! बेकु!"

सम्यानं माझ्याकडं बघितलं. "मला बेकूफ म्हणती ही?"

गोष्ट सांगणाऱ्यानं गप्पच राहायचं असतं.

"बेकु!" म्हातारी आणखी जोरात.

सम्यानं फासा टाकला, वीस पडले, आणि त्यानं म्हातारीला वल्ह्यासकट पाण्यात ढकललं. वर विजयी मुद्रेनं बसूकडं बघितलं.

बसू शांतपणे म्हणाला, "बेकु म्हंजे 'पायजे'. तुझ्याकडं मिठाचं पोतं हाय, ती मीठ मागत होती."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय!"

"सांगितलं की. दोन येळा."

*

एवढं झाल्यावर रेश्मा म्हणाली, आपण चौघं कोरड्या जमिनीवरची माणसं. खऱ्या नावाड्याला दाखवल्याशिवाय ही टोळी खरी होणार नाही. तिच्या ओळखीनं आम्ही नदीकाठच्या एका गावात नामदेवअण्णांकडं गेलो. सत्तरीचे असतील. हाताचे पंजे वल्ह्याएवढे. आयुष्यभर नाव चालवली, आता पूल झालाय, म्हणून नाव काठावर पालथी. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. नकाशा बघितला, काहिलींची चित्रं बघितली, कायदा ऐकला.

मग म्हणाले, "म्हंजे जग बुडालंय, आन् तुम्ही चार जण माडीवर बसून ठरवतायसा, लोकांनी कसं जगायचं ते?"

"व्हय अण्णा," सम्या म्हणाला.

"ह्यात नवीन काय हाय?"

आम्हाला हसावं की उठावं कळेना. पण अण्णांनी नकाशा पुढं ओढला. "चूल कुठं?" आम्ही दाखवली. "जळण कोरडं कसं ठेवतासा?" आम्ही एकमेकांकडं बघितलं. "बरं, परसाकडला कुठं जात्यात?"

सम्या म्हणाला, "मागच्या बाजूला."

अण्णांनी काहिलीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि गोल फिरवलं. "गोल भांड्याला मागली बाजू कुठली, पावणं?"

सम्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

दोन तास अण्णा बोलत होते. नावेत पोरगं रांगायला लागलं की कमरेला दोरी, दुसरं टोक आईच्या पायाला. "आई झोपली तरी पाय जागा ऱ्हातोय," ते म्हणाले. दोन नावा समोरासमोर आल्या की 'बरं हाय का' विचारत नाहीत, 'पाणी किती' विचारतात. रेश्मा लिहीत होती. तिच्या वहीची नऊ पानं भरली. आम्ही जे महिनाभर शोधत होतो ते त्या माणसानं एका चहात दिलं.

निघताना अण्णांनी विचारलं, "ह्यो खेळ कवा असतोय?"

"रविवारी."

"मग रविवारी येतो."

आणि आले! एस.टी.नं, पिशवीत शेंगा घेऊन. तेव्हापासून आम्ही पाच जण.

*

पुण्यात अशा खेळांचा एक मेळावा भरतो. वेगवेगळ्या गावांचे ग्रुप आपापली जगं घेऊन येतात, टेबल मांडतात, अनोळखी लोक येऊन खेळतात, आणि शेवटी खेळणारेच सगळ्यात आवडलेल्या टेबलाला मत देतात. आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, टेबल शक्यतो इंग्रजीत चालवा, नाहीतर माणसं मिळणार नाहीत.

मी चार दिवस प्रयत्न केला. खरंच केला. पण "बसू, से समथिंग" म्हटलं की बसू म्हणायचा, "समथिंग." आणि अण्णांच्या 'पाणी किती'चं इंग्रजी केलं की ते प्लंबरनं विचारल्यासारखं वाटायचं! शेवटी मी उलट कळवलं, आमचं टेबल मराठीत असेल, तेही आमच्या मराठीत.

पुण्याला पोचलो. हॉलमध्ये वीसेक टेबलं. कुणी राक्षसांचे पुतळे मांडलेले, कुणी धूर सोडलेला, कुणी अंगात चिलखत घातलेलं. आमच्या टेबलावर अव्वांनी दिलेल्या कडक भाकऱ्यांचा डबा, मामांच्या काहिलीचा फोटो आणि एक कोरा कागद, ज्यावर खेळायला येणाऱ्यांनी नावं लिहायची. अकरा वाजले. साडेअकरा. कागद कोराच. शेजारच्या टेबलावर जागा नाही म्हणून लोक उभे, आणि आमच्याकडं कुणी बघेनासुद्धा. बसू म्हणाला, "भाकरी खाऊन टाकूया का?" मला रडू यायचं बाकी होतं. सगळ्यांना कामं टाकायला लावून मी इथवर आणलं होतं.

तेवढ्यात रेश्मा खुर्चीवर उभी राहिली. चोवीस मागांच्या खडखडाटात हाका मारायची सवय असलेला तो आवाज!

"या पावणं, या! कोल्हापूर बुडालंय, बुडाय या! पोहाय येत नसंल तर आधी या!"

अख्खा हॉल वळला. धूर सोडणारा धूर सोडायचा थांबला. दहा मिनिटांत कागद भरला आणि खाली आणखी सहा नावं, वाट बघणाऱ्यांची.

निकाल आत्ताच सांगून टाकते. सगळ्यात जास्त मतं काहीलकरांना! सम्यानं बक्षिसाची ढाल डोक्यावर धरून हॉलला फेरी मारली, पेठेत मारतात तशी, आणि बसूनं भर पुण्यात शिट्टी वाजवली. अव्वांना फोन केला तर त्या म्हणाल्या, "डबा परत आणा."

पण मला सांगायचं होतं ते हे नाही.

*

खेळ संपत आला होता. टेबलावर चार अनोळखी खेळाडू. एक लॅपटॉप घेऊन आलेला इंजिनीअर, कॉलेजच्या दोन मुली, आणि बँकेतून रिटायर झालेले एक काका. अण्णा मागं प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात चहाचा कप.

शेवटचा प्रसंग मी फार विचार करून लिहिला होता. जग बुडालं तो पहिला दिवस, धरण फुटलंय. शाळेच्या छपरावर बारा माणसं अडकलीत. खेळाडूंकडं एकच काहील, तिच्यात आणखी आठच माणसं मावतात. दुसरी फेरी होणार नाही, छप्पर तोवर जाणार. म्हणजे चौघांना मागं सोडावंच लागणार, आणि कुणाला ते खेळाडूंनी ठरवायचं. यातून सुटायची वाट मी ठेवलीच नव्हती.

टेबल अगदी गंभीर झालं. इंजिनीअरनं यादी केली, वय, तब्येत, कोण उपयोगाचं. एक मुलगी म्हणाली, म्हाताऱ्यांना ठेवू. दुसरी रडवेली झाली. काका म्हणाले, चिठ्ठ्या टाका. मी मनातून खूश होते. प्रसंग मी लिहिला तसाच चालला होता.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अण्णा उठून टेबलापाशी आले. कप खाली ठेवला.

"किती माणसं हाईत?"

"बारा, अण्णा. आणि जागा आठ."

"आठ बसत्यात," अण्णा म्हणाले. "चार धरत्यात."

"धरत्यात म्हणजे?" इंजिनीअरनं विचारलं.

अण्णांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली. "काठ धरायचा, असा. दोन ह्या अंगाला, दोन त्या अंगाला, म्हंजे कलंडत न्हाई. पोरं, म्हातारी आत. पवणारी भाईर. आन् भाईरच्यांशी सारखं बोलत ऱ्हायाचं. नाव इचारायचं, गाव इचारायचं. बोलता बोलता एखादा गप झाला, की त्याला आत घ्यायचा आन् आतल्याला भाईर."

इंजिनीअरनं लॅपटॉप मिटला.

नियमात हे कुठंच नव्हतं. मी म्हणाले, "चालेल अण्णा. पण फार अवघड आहे. अठरा किंवा त्याच्या वर पडलं तरच जमेल." आणि तो वीस बाजूंचा फासा त्यांच्या हातावर ठेवला.

शेजारच्या टेबलावरचे लोकही उठून आले होते. अण्णांनी फाशाकडं बघितलं. त्यांच्या पंज्यात तो हरभऱ्याएवढा दिसत होता. मग माझा हात पुढं ओढून त्यांनी तो माझ्या तळव्यावर परत ठेवला आणि माझी मूठ मिटली.

"ठेव तुझ्यापाशी, पोरी. मी पुरात एकोणीस येळा गेलतो, आन् एकोणीस येळा आलो. एकदा बी ह्यो टाकला न्हाई."

अण्णांनी कप उचलला, तो रिकामा आहे हे बघितलं, आणि मला म्हणाले,

"पलीकडं उतरलो न्हवं आता? मग चहा टाकाय सांग. माणसं भिजल्यात."